विहीणबाईंची पाण्यातली वांगी

सबंध सुरत शहरात रोपांच्या मुळांचं फिनिशिंग करणारी बाई एकच, आणि ती मी. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या विहीणबाईंची गोष्ट सांगायला घेतली की माझा हा पराक्रम वाटेत आडवा पडतोच, आणि तो दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेला बरा. वांग्याची सात रोपं, त्यांची पांढरीशुभ्र लोंबती मुळं आणि समोर हातात धागे कापायची कात्री घेऊन बसलेली मी. तेव्हा मी जेमतेम बासष्ट वर्षांची होते. अक्कल यायचं वय नव्हतं ते. पण कात्री चालवण्याआधी ती रोपं ज्यांची होती त्या बाईंची ओळख करून द्यायला हवी, नाहीतर माझ्या मूर्खपणाची खरी उंची तुमच्या लक्षात यायची नाही.

विहीणबाई म्हणजे माझ्या मुलीच्या सासूबाई. मूळच्या खानदेशातल्या, लग्न होऊन सुरतेत आल्या. त्यांचे यजमान पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये होते, आता निवृत्त होऊन घरात बादल्या उचलतात. राहायला पर्वत पाटिया भागात, सातव्या मजल्यावर, डोक्यावर थेट गच्ची. या बाईंचा देवाखालोखाल विश्वास असेल तर तो पाण्यावर. जगातलं कुठलंही झाड आधी पाण्यात वाढलं पाहिजे, त्याची मुळं स्वतःच्या डोळ्यांनी बघितली पाहिजेत आणि मगच त्याला माती दाखवली पाहिजे, असा त्यांचा कायदा आहे. कारण विचारलं तर म्हणतात, "मातीत टाकलं की ते खाली काय करतं, आपल्याले कळत नाही. पाण्यात कसं, सगळं समोर असतं." माणसांच्या बाबतीतही त्यांचं हेच धोरण आहे. पोटात एक नि ओठात एक असलेला माणूस त्यांच्या घरी दोनदा चहा प्यायला येत नाही.

या कायद्यापायी त्यांच्या घरात फरसाणाची एकही बरणी फरसाणासाठी उरलेली नाही. ओट्यावर पुदिना, फ्रिजवर रताळं, देव्हाऱ्याशेजारी तुळशीच्या काड्या, आणि बाथरूमच्या खिडकीत नागवेल, कारण तिला म्हणे दमट हवा लागते. आंघोळीला जाणाऱ्याने आधी वेल बाजूला सारायची. मुळांना उजेड सोसत नाही म्हणून प्रत्येक बरणीला कापडाचं वेष्टण असतं. मला बरीच वर्षं उत्सुकता होती की, सणावारी मी ओटीत घालते ते ब्लाउजपीस या बाई शिवतात कधी. एकदा त्यांच्या गच्चीवर गेले तर माझी सगळी ब्लाउजपीसं तिथे रांगेत भेटली. जांभळं जास्वंदीच्या बरणीला, मोरपंखी मिरच्यांना, आणि मुलीच्या लग्नात मी निवडून निवडून घेतलेलं काठाचं खणाचं कापड एका कांद्याला. मी जरा नाक मुरडलं असावं. त्या म्हणाल्या की, मी हे नेसवत नाही, झाकते आहे; आणि कांद्याला शोभतंय की नाही, ते सांगा. खरं सांगायचं तर शोभत होतं.

झाडाची दांडी दिसली की त्यांचा हात थांबत नाही. मुलीच्या लग्नाच्या फोटोत सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत आणि या एकट्या बुकेतल्या गुलाबांच्या दांड्या चाचपताहेत. त्यातला एक गुलाब पुढे खरोखर फुटला. जावयाने तो माझ्याकडे आणून दिला आणि मी तो कौतुकाने अंगणात लावून आठ दिवसांत मारला. यावरून मला काही धडा घेता आला असता. पण मी शाळेत पस्तीस वर्षं शिवणकाम शिकवलेली बाई, धडे देणारी. घेण्याची सवय नव्हती.

पाणी नुसतं भरून ठेवून भागत नाही, मुळांनाही श्वास लागतो, हे त्यांना कुठूनसं कळलं. कुणी म्हणालं, माशांच्या टाकीचा पंप लावा. त्यांना ते पटलं नाही. त्यांनी माळ्यावरून ताकाची रवी काढली. तेव्हापासून रोज सकाळी नि संध्याकाळी त्या एकेका बरणीतलं रोप अलगद वर धरतात, दुसऱ्या हाताने पाणी घुसळतात, आणि फेस आला की रोप परत सोडतात. शेजारच्या गुजराती बाईंनी एकदा दारातून विचारलं की, मासी, छाश करता का? या म्हणाल्या, हो, पण प्यायला नाही. व्याहीबुवांना रवीच्या त्या आवाजाची इतकी सवय झाली आहे की, त्या बाहेरगावी गेल्या की त्यांना दुपारची झोप लागत नाही.

आणि मातीत लावण्याचा सोहळा तर बघण्यासारखा. रोप पाण्यातून उचललं आणि कुंडीत खुपसलं, असं त्यांच्याकडे होत नाही. बरणीतल्या पाण्यात पहिल्या दिवशी चमचाभर माती. दुसऱ्या दिवशी आणखी चमचाभर. असं करत करत पाण्याचा चिखल होतो, चिखलाची माती होते आणि रोपाला कळतही नाही की आपण कधी घर बदललं. "एकदम माती दाखवली की पोर घाबरते," त्या म्हणतात. हे ऐकून मला माझ्या मुलीचे सासरचे पहिले दिवस आठवले. आमच्याकडे आमटीतही गूळ, आणि त्यांच्याकडे मिरचीशिवाय घास नाही. मला धास्ती की पोरगी उपाशी राहील. पण तिच्या ताटात पहिल्या दिवशी वेगळी भाजी वाढली होती, पाव मिरचीची. आठवड्याने अर्धी. दिवाळीला ती माहेरी आली आणि माझ्या हातची भाजी खाऊन म्हणाली, आई, तू मीठमिरची घालायला विसरलीस का? तेव्हा मी विहीणबाईंवर चिडले होते. चमच्याचमच्याने माती घातलेली मला कळली नाही ती अशी.

तर वांगी. खानदेशातलं भरताचं वांगं तुम्ही पाहिलं नसेल तर काय सांगू! हिरवट पांढरं, लांबरुंद, आत बिया कमी नि गर लोण्यासारखा. विहीणबाईंच्या माहेरी त्याचं खास बियाणं होतं. चंपाषष्ठीला त्यांच्या देव्हाऱ्यातल्या खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य असतो आणि त्याची वांगी दरवर्षी माहेराहून बसने यायची, ड्रायव्हरच्या सीटमागे ठेवून. आषाढात कांदेनवमीला वांगं सोडायचं, ते चंपाषष्ठीला देवाला दाखवूनच पुन्हा तोंडात घालायचं, आणि ते माहेरचंच. हा नेम लग्नापासून कधी मोडला नव्हता. मग एका वर्षी त्यांच्या भावाने सांगितलं की, वांग्यात राम उरला नाही, सगळ्या शेतात केळी लावली. विहीणबाईंनी विचारलं, आणि बियाणं? भाऊ म्हणाला, जुनी पुरचुंडी कुठेतरी असेल, पण ती उगवायची नाही, आणि उगवली तरी, "ताई, तुमच्या सुरतेत साड्या पिकतात. वांगी नाही."

त्या वाक्याने वांगी उगवली, असं माझं मत आहे. कुणी त्यांना नाही म्हटलं की विहीणबाई भांडत नाहीत, फक्त पदर खोचतात. त्या माहेरी गेल्या, माळ्यावरची पुरचुंडी शोधून काढली, राखेत ठेवलेलं ते म्हातारं बी घेऊन आल्या, आणि कांदेनवमीला शेवटचं वांगं खाऊन झाल्यावर त्याच संध्याकाळी सगळं बी ओल्या फडक्यात घातलं. सगळं म्हणजे सगळं. मागे काही राखलं नाही. मातीत टाकलं तर कुठलं जिवंत आणि कुठलं मेलेलं हे कळणार नाही, म्हणून पाण्यावरच जगवायचं ठरलं. मूठभर बियांतून सात डोळे उघडले. त्या सातांना स्पंजच्या तुकड्यात बसवलं, थर्माकोलच्या झाकणाला भोकं पाडून त्यात टांगलं, आणि खालच्या टबात कामरेजच्या दुकानातून आणलेल्या खताचं पाणी, अगदी चिमटीचं. विहीणबाईंनी घरात जाहीर केलं की, यंदा नैवेद्य होईल तर याच वांग्यांचा, नाहीतर देवाला नुसती भाकरी. व्याहीबुवा हळूच म्हणाले, बाजारात मिळतात तशी वांगी. त्यावर त्यांच्याकडे अशा नजरेने बघितलं गेलं की, ते रवी धुवायला निघून गेले.

श्रावणात कानबाईचा सण आला. खानदेशातल्या माणसाने कानबाईला घरी जायचं नाही म्हणजे काहीतरीच. त्यांच्या घरची सगळीच गावाला निघाली, मुलीसकट. मग रोपं कुणाकडे? तेव्हा, "माझ्याकडे द्या की, मी काय लहान आहे," असं छाती काढून कोण म्हणालं असेल ते तुम्हीच ओळखा. विहीणबाई रिक्षाने टब मांडीवर घेऊन नदीपलीकडे माझ्या घरी आल्या. रवी सोबत आणली होती. सकाळ-संध्याकाळ घुसळा, पाणी कमी होऊ देऊ नका, उन्हात ठेवू नका, आणि झाकण उगाच उचलून बघत बसू नका. मी मान हलवत होते. शेवटची सूचना मी ऐकली असणार, पण घुसळायला झाकण उचलावंच लागतं, नाही का?

इथे माझ्या कात्रीची हकीकत सांगते. मी नव्यानं सुरतेत आले तेव्हा शाळेतली नोकरी लागलेली नव्हती आणि आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायका घरी बसून भरतकामाच्या साड्यांचे धागे कापायच्या. मशीनवर भरलेल्या साडीच्या मागच्या बाजूला या फुलापासून त्या फुलापर्यंत धागे लोंबत असतात. ते बारक्या कात्रीने सफाईने उडवायचे, की झालं फिनिशिंग. मी त्यात इतकी पटाईत होते की, माझी साडी पलटून बघितली तरी सुलट कुठली ते कळायचं नाही. पुढे नोकरी लागली, धागे सुटले, पण कात्री सुटली नाही. ती आजही माझ्या पर्समध्ये असते. लग्नकार्यात शेजारच्या बाईच्या पदराचा सुटलेला धागा मी तिला कळायच्या आत उडवलेला असतो.

तर दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी मी झाकण उचललं, जरा तिरकं केलं आणि उलटी बाजू दिसली. पांढरे धागे! हे एवढे लांब, एकमेकांत गुंतलेले, या रोपाचे त्या रोपात, थेट साडीची मागची बाजू. आता नवल वाटतं, पण तेव्हा मी विचार केला होता. बिनविचाराने केलं असं म्हणायची सोय नाही. मी विचार केला की, एवढी लांब मुळं कुंडीत मावणार कशी, दुमडतील, कुजतील. बिचाऱ्या विहीणबाईंना शिवणाचं शिक्षण नाही, त्यांच्या हे लक्षात आलं नसेल. मी चष्मा पुसला, पाट घेऊन बसले आणि सातही रोपांची मुळं बोटभर राखून एका रेषेत कापली. काय सुरेख दिसत होती! एकसारखी, झालरीसारखी. मला इतका अभिमान वाटला की, मी फोटो काढून दोन्ही घरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, आणि खाली लिहिलं, "फिनिशिंग केलं."

तिकडे कानबाईची आरती चालली होती म्हणे. मुलीने फोटो पाहिला आणि फोन पालथा ठेवला, पण तोवर सासूबाईंच्या फोनवरही तो पोचला होता. मला दोन निळ्या खुणा दिसल्या. मग कुणीच काही लिहिलं नाही. एरवी त्या ग्रुपवर मी नुसतं शुभ सकाळ टाकलं तरी अकरा जण हात जोडतात.

विहीणबाई कानबाईचं विसर्जन करून निघाल्या त्या बसस्टँडवरून थेट माझ्या दारात. हातात रोटाचा प्रसाद. तोवर मुलीने फोनवर मला मुळं म्हणजे काय असतं ते पहिलीच्या मुलाला सांगावं तसं सांगितलं होतं, आणि सातही रोपं माना टाकून माझ्याविरुद्ध साक्षीला बसली होती. मला वाटलं, आता या बोलणार. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, मलाही रडता आलं असतं. त्यांनी आधी प्रसाद दिला. मग टबाशी बसल्या, एकेक रोप उचलून उजेडात धरलं, आणि माझ्यापुढे हात पसरला. कात्री मागत होत्या. मी कात्री दिली. त्यांनी रोपांची खालची मोठी पानं सपासप कापून टाकली. त्या एवढंच म्हणाल्या, "खाली मुळं कमी झाली, मग वर तोंडंही कमी पाहिजेत. नाहीतर खायाले कोण घालणार?" कात्री परत दिली, टब उचलला, आणि चहा न घेता गेल्या.

चहा न घेता. विहिणीच्या घरून विहीण चहा न घेता गेली याचा अर्थ काय होतो, ते तुम्हाला मी सांगायला नको. त्यानंतर मी त्यांच्याकडे गेलेच नाही. गणपतीला त्यांनी बोलावलं, माझा गुडघा दुखला. नवरात्रात बोलावलं, आमच्याकडे पाहुणे आले. पाहुणे खरे होते, पण मी त्यांना मुद्दाम थांबवून घेतलं होतं. मुलगी मधल्यामध्ये पिचत होती. माझ्याशी बोलताना ती सासूबाईंचं नाव जपून घ्यायची आणि तिकडे माझं. एवढ्याशा मुळांनी दोन घरांच्या मधली मुळं हलवली होती, आणि ती परत धरतील की नाही, हे काही पाण्यात ठेवून बघता येत नव्हतं.

बातम्या मात्र येत होत्या. मुलगी फोनवर इकडचं तिकडचं बोलून शेवटी हळूच सांगायची. आज दोन गेली. आज आणखी एक. सासूबाई पाणी दिवसातून पाच वेळा घुसळतात. त्यांनी टबावर ओली साडी धरली आहे. मग, चार गेली, पाच गेली, सहावं अजून हिरवं आहे पण वाढत नाही. मग तेही गेलं. आणि एक दिवस मुलीचा फोन आला तो नुसता, "आलं" असा. सातव्याला कापलेल्या टोकापाशी बारीक पांढरं मूळ फुटलं होतं, तांदळाच्या कणीएवढं. विहीणबाईंनी घरातल्या प्रत्येकाला, दूधवाल्यासकट, ते दाखवलं. मग चमच्याने माती सुरू झाली. एवढीएवढीशी. या खेपेला चहाचा नाही, औषधाचा चमचा होता म्हणे. गणपती गेल्यावर ते एकुलतं रोप रंगाच्या रिकाम्या बादलीत, खऱ्याखुऱ्या मातीत बसलं, आणि विहीणबाईंनी भावाला फोन करून फक्त, "बसलं," एवढंच सांगून ठेवून दिला.

चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी त्यांनी स्वतः मला फोन केला. उद्या या, असं. माझे गुडघे, पाहुणे, सगळं मी तोंडाशी आणलं होतं, पण त्या विचारत नव्हत्या, सांगत होत्या. मी सकाळी बाजार पालथा घातला. सुरतेत रवैयाची, म्हणजे भरून करायची, चिमुकली जांभळी वांगी ढिगाने मिळतात. हिरवी मोठी मिळवायला मला चार भाजीवाल्यांशी हुज्जत घालावी लागली. पिशवी भरून वांगी घेऊन मी चोरासारखी सातव्या मजल्यावर गेले. विहीणबाईंनी पिशवीत डोकावून बघितलं. मग शांतपणे म्हणाल्या, "बरं झालं. तुमची माणसांले, माझं देवाले." म्हणजे त्या बादलीतल्या झाडाला वेळेत तयार झालेलं वांगं एकच होतं. ते त्यांनी गच्चीवर विटांच्या चुलीत, गावाहून आणलेल्या कपाशीच्या काड्यांवर भाजलं. माझी वांगी गॅसवर.

तळी भरली, येळकोट झाला, देवापुढे बाजरीच्या भाकरीवर ते भरीत ठेवलं. मग त्याचा प्रसाद म्हणून प्रत्येकाच्या तळहातावर नखाएवढं. खरं सांगू? मला माझ्या बाजारच्या वांग्यात आणि त्यांच्या वांग्यात काडीचा फरक कळला नाही. मी मान डोलावून, वा, म्हटलं. विहीणबाईंनी डोळे मिटले होते. बराच वेळ मिटलेले होते. मग त्यांनी माहेरी व्हिडिओ कॉल लावला आणि तो रिकामा तळहातच भावाला दाखवला. भाऊ म्हणाला, ताई, इकडे तर आता केळीच केळी. या म्हणाल्या, हो रे. आणि जरा वेळाने, केळ्याचं काय भरीत करू? तिकडे तो हसला, इकडे या हसल्या, आणि दोघंही फोन ठेवायचं विसरले.

जेवणं आटोपल्यावर त्या मला वर गच्चीवर घेऊन गेल्या. रंगाच्या बादलीत ते झाड उभं होतं, कमरेएवढं, जरासं वाकडं. खाली पानाआड आणखी एक वांगं धरलं होतं, अंगठ्याएवढं. हे खायचं नाही, बियांसाठी झाडावरच पिकू द्यायचं, पिवळं होईपर्यंत. आता हेच बियाणं, माहेरही हेच, असं त्या पानं सारखी करत सांगत होत्या. चुकून कुणी तोडू नये म्हणून त्यांनी त्याच्या देठाला साडीचा लाल रेशमी धागा बांधला होता. गाठ चांगली होती, पण धाग्याची दोन्ही टोकं वीतभर लोंबत होती, वाऱ्यावर हलत होती. आणि माझा हात, देवाशपथ, माझ्या नकळत पर्सकडे गेला. चेन उघडल्याचा आवाज झाला. विहीणबाई पाठमोऱ्याच होत्या. वळल्यासुद्धा नाहीत.

"पुढल्या सालले कात्री घरी ठेवून येजा, विहीणबाई," त्या म्हणाल्या. "पण येजा."